अर्धी वाट बंद आहे, आणि ते बरंच आहे

डिसेंबर २०२५मधला एक शनिवार. सकाळचे साडेसात, बामणोलीचा धक्का, पाण्यावर धुकं आणि आम्ही नऊ जण तोंडातून वाफा काढत उभे. नऊपैकी सात आयटीवाले, एक सीए आणि एक 'सध्या ब्रेकवर'. पहाटे तीनला पुणं सोडलेलं, त्यामुळे डोळे तांबारलेले. पण उत्साह उतू जात होता. बेत जोरदार होता. बोटीने शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं, वासोटा चढायचा, तिथून डोंगराच्या धारेने नागेश्वरची गुहा गाठायची आणि ओढ्याच्या वाटेने उतरून परत बोटीशी यायचं. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा पूर्ण गोल. एका बाजूला कोयनेचं खोरं, दुसऱ्या बाजूला पायाखाली थेट कोकण.

परवाना काढायला गेलो आणि कळलं की फक्त वासोटा मिळेल. नागेश्वरची वाट बंद. जुन्या वासोट्याचं तर नावच काढायचं नाही.

झालं! पुढची वीस मिनिटं धक्क्यावर जी सभा भरली ती ऐकण्यासारखी होती. 'आपण टॅक्स भरतो राव.' 'किल्ला काय यांच्या बापाचा आहे का?' 'नुसती दादागिरी आहे.' 'चला तर खरं, वर फाट्यावर गेल्यावर कोण बघतंय?' आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्यासाठी मी आज लिहायला बसलोय: 'एवढ्या लांबून आलो ते काय अर्धाच ट्रेक करायला?'

तर मंडळी, मला असं म्हणायचंय की हो, अर्धाच. आणि त्यात आपलं काडीचंही नुकसान नाही. उलट या बंद अर्ध्यावर ज्या त्वेषाने आपण तुटून पडतो, तो त्वेष आपण भलत्याच जागी खर्च करतोय. (ज्यांना हे झोंबेल त्यांनी दिवे घ्यावेत. हे मित्रांनाच उद्देशून आहे आणि त्यातला एक मित्र मी स्वतःच आहे. ते पुढे येईलच.)

आधी टॅक्सवाल्यांचं बघू. आमच्या ऑफिसात मोठं रिलीज जवळ आलं की फ्रीझ लागतो. फ्रीझ म्हणजे फ्रीझ. कितीही सीनियर असा, कितीही छोटा बदल असो, प्रॉडक्शनला हात लावायचा नाही. कधी कुणी उठून म्हणालाय का की 'मी या कंपनीत आठ वर्षं घाम गाळलाय, मला आत्ताच्या आत्ता एक ओळ बदलू द्या'? नाही म्हणत. कारण प्रॉडक्शन आडवं झालं तर काय होतं ते आपल्याला माहीत असतं. सर्व्हरच्या बाबतीत जी अक्कल आपल्याला सोमवार ते शुक्रवार असते, ती शनिवारी जंगलाच्या बाबतीत कुठे जाते?

वासोट्याचं जंगल म्हणजे काय लोणावळ्याचा पॉइंट नाही. कोयना अभयारण्य १९८५चं. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कोयना आणि चांदोली दोन्ही आहेत. 'पण वाघ कुठेयत तिथे?' हा आमच्या सीएचा आवडता प्रश्न. बाबा रे, तू हा प्रश्न विचारत होतास त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२५मध्ये, ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली होती. अजून वाघ आणायचे आहेत. त्यांना चांदोली ते कोयना सलग, माणसाच्या गडबडीशिवायचं रान लागणार. आणि ही धार म्हणजे त्या रानाचा कणाच. घरात नवीन पाहुणा आलाय आणि आपण दाराशी भांडतोय की बेडरूम का बघू देत नाही!

दुसरा मुद्दा महाराजांचा. 'आमच्या राजाचा किल्ला, आम्हाला कोण अडवणार?' हे म्हणताना छाती फुगते, मान्य. पण इतिहास जरा उघडून बघा. वासोटा शिवरायांनी घेतला १६६०मध्ये. पुढच्याच वर्षी राजापूरचे जे इंग्रज पकडले, त्यांच्यातल्या काहींना ठेवायला हीच जागा निवडली. का? कारण इथून सुटून जाणं अशक्य आणि इथवर पोचणंही तेवढंच अवघड. १८१८मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब आणि दोन इंग्रज अधिकारी इथेच अडकवून ठेवले होते. शेवटी इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेव्हा गड पडला. म्हणजे ही जागा 'या, बसा, सेल्फी काढा' अशी कधीच नव्हती. तिची सगळी ताकद भोवतालच्या रानात होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाच्या वाटा सोप्या असू नयेत, भोवतालची झाडी राखावी, असाच विचार आहे. तेव्हा महाराजांचं नाव घेऊन झाडीतून नवी वाट पाडणाऱ्याने निदान नाव तरी दुसरं कुणाचं घ्यावं.

तिसरा मुद्दा: 'महाशिवरात्रीला खेडकडची माणसं चोरवण्यातून नागेश्वरला चढतात, ते कसं चालतं?' चालतं, कारण तो त्यांचा देव आहे. वर्षातून एकदा अनवाणी चढणारी, गुहेत ठिबकणाऱ्या पाण्याखालच्या पिंडीवर बेल वाहून परत जाणारी माणसं आणि दर शनिवारी ब्लूटूथ स्पीकर लावून येणारी आपली जत्रा या दोन गोष्टी सारख्या वाटत असतील तर मग बोलणंच खुंटलं. शिवाय या खोऱ्यातल्या लोकांनी जंगल आणि धरण या दोन्हींपायी आपली गावं सोडलीयत. मेट इंदवलीला उतरलात की वनखात्याची चौकी दिसते. गाव दिसत नाही, कारण ते आता नाहीच. ज्यांनी घर सोडलं त्यांच्या एका दिवसाशी आपण आपला वीकेंड तोलतो. थोडी लाज बाळगू या.

आता चौथा मुद्दा. हा सगळ्यात धोक्याचा, कारण तो 'अनुभवी' लोक मांडतात. 'आम्ही दहा वर्षं ट्रेक करतोय, आम्हाला काही होत नाही.'

इथे मला माझं पाप सांगावं लागेल. जानेवारी २०१९. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. आम्ही पाच जण. तेव्हाही नागेश्वरला परवानगी नव्हती. आम्ही चौकीवर 'फक्त वासोटा' असं तोंड भरून सांगितलं आणि वर फाट्यावर गेल्यावर गुपचूप नागेश्वरची वाट धरली. काय भारी वाटत होतं सांगू! धारेवर आलो, कोकणातून वारा वर येत होता, लांबवर वासोट्याचा बाबूकडा. गुहेत पोचलो, दर्शन घेतलं, फोटो काढले. मग ओढ्याच्या वाटेने उतरायला लागलो आणि तासाभरात वाट हरवली.

ओढ्याला ओढा मिळतो, दगडाला दगड सारखाच. साडेसहाला अंधार. पाचांत मिळून एक टॉर्च आणि दोन मोबाइल, त्यातला एक मेलेला. डावीकडच्या कारवीत काहीतरी मोठं हललं. गवा होता, अस्वल होतं की नुसतं आमचं भ्या, देव जाणे. आम्ही एका खडकावर एकमेकांना चिकटून बसलो आणि पावणेनऊला खालून बॅटरीचा उजेड आला. एक वनरक्षक आणि आमचे बोटवाले मामा. दोघंच. हातात काठी.

वनरक्षकाने शिव्या दिल्या नाहीत. त्याने फक्त विचारलं, "किती जण? पाच? समदे हायेत ना?" आणि मोजलं. दोनदा. मामा तेवढं बोलले. म्हणाले, "पोरांनो, तुमास्नी काय झालं आसतं तर तुमच्या घरी एक दिस रडं. आन माझी बोट कायमची बंद." तो त्यांचा दुपारनंतरचा धंदा आमच्यापायी बुडाला होता, हे आम्हाला परतीच्या बोटीत कळलं. दंड भरला, मामांना जमेल तेवढे पैसे दिले. पण ती जी दोनदा केलेली मोजणी होती ना, ती अजून कानात आहे.

तेव्हापासून 'आम्हाला काही होत नाही' हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारतो: तुला काही झालं तर शोधायला कोण येणार? तुझ्या कंपनीचा एचआर येणार नाहीये. ज्याचा पगार तुझ्या बुटांच्या किमतीच्या आसपास आहे, तो माणूस काठी घेऊन येणार आहे.

बरं, हे झाले सगळे उत्तरपक्ष. आता माझा स्वतःचा मुद्दा. त्यासाठी तुम्हाला जरा गावाकडे न्यावं लागेल.

मी कवठे महांकाळचा. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेचा, दुष्काळी भाग. साताऱ्या-सांगलीचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना ऊस, कृष्णा आणि हिरवंगार आठवतं. आमच्याकडे यायचं तर मिरज सोडून पुढे या, हिरवं हळूहळू विरळ होत जातं. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनाला येईल तेव्हा. आमची अग्रणी नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच असायची. आमचा डोंगर म्हणजे वाटेवरचा दंडोबा, आणि आमचा ट्रेक म्हणजे श्रावणात दंडोबाला चालत जाणं. लहानपणी पाणी म्हणजे टँकर, घागरींची रांग आणि आईची चिडचिड. बागायत करायची तर बोअर मारायचं, आणि बोअर म्हणजे जुगार.

हे बदललं म्हैसाळ योजनेने. मिरज तालुक्यात म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत पूर्वेला आमच्याकडे आणि पुढे जतकडे न्यायचं. आवर्तन सुटलं की कालव्याच्या काठावर म्हातारी माणसं नुसती बघत उभी राहायची. आमचे तात्या (आजोबा) त्यातलेच. आज आमच्या भागात जी द्राक्षं आणि बेदाणा दिसतो, त्याच्यामागे हे उचललेलं पाणी आहे.

ज्या प्रकल्पात म्हैसाळ आणि ताकारी या योजना येतात, त्याचं नाव आहे कृष्णा-कोयना उपसा सिंचन. नावातच कोयना! हे नाव मी पाट्यांवर शंभर वेळा वाचलं असेन. पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला तो त्या २०१९च्या रात्रीनंतर. परतीच्या बोटीत काळ्या पाण्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा ट्यूब पेटली. हा शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. १०५ टीएमसीचं धरण. यातलं मोठं पाणी, लवादाने ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी, पश्चिमेला वीज करायला जातं. पण जे पूर्वेला सोडतात ते कोयना नदीतून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली सांगलीकडे येतं. उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेतून पाणी सोडा म्हणून आमच्याकडची माणसं डोळे लावून बसतात. तेच पाणी म्हैसाळला उचललं जातं आणि आमच्या रानात येतं.

म्हणजे ज्या ओढ्यात मी रात्री चाचपडत होतो, तो ओढा शिवसागरात जातो आणि शिवसागरातलं पाणी माझ्या घरी येतं. मी 'अर्धा ट्रेक' म्हणून ज्याच्यावर चिडलो होतो, ती आमच्या गावाची टाकी होती. आणि मी तिच्यात बूट घालून उतरलो होतो.

आता कुणी म्हणेल, पाच पोरं चालली म्हणून काय टाकी फुटते का? पाचांनी नाही फुटत. पण हिशोब पाचांचा नसतोच. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस पडतो पाच हजार मिलिमीटरच्या घरात. आमच्या दहापट. एवढ्या पावसात उतारावरची माती जागेवर राहते ती झाडांच्या मुळांमुळे आणि खालच्या पालापाचोळ्याच्या थरामुळे. तो थर पाणी धरतो आणि पावसाळा सरल्यावर महिनोन्‌महिने हळूहळू सोडतो. दर शनिवार-रविवारी शंभर जोड बूट त्याच उतारावरून गेले की पाचोळा निघतो, माती दबते, आणि कुणीतरी शॉर्टकट मारला की दुसरी वाट पडते. पुढच्या पावसात त्या वाटेचा ओहोळ होतो. ओहोळाची घळ होते. घळीतली माती धरणात जाते. वासोट्याची एक वाट आपण अशीच वापरतोय. ती वापरूच द्या, तेवढं रान सोसेल. पण सगळ्याच वाटा वापरायच्या हा हट्ट कशाला? एक उघडी आणि एक मिटलेली, हा सौदा मला तरी फार स्वस्त वाटतो.

हे काही आपल्याकडचं खूळ नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या पश्चिमेला समुद्रालगत वायटाकेरे डोंगर आहेत. तिथला हिलरी ट्रेल म्हणजे किनाऱ्याने आणि डोंगरातून जाणारी नामांकित, दमवणारी वाट. तिथल्या कौरी नावाच्या प्रचंड झाडांना एक रोग लागला आणि तो पसरतो मातीतून, म्हणजे चालणाऱ्यांच्या बुटांना चिकटलेल्या चिखलातूनही. डिसेंबर २०१७मध्ये तिथल्या माओरी लोकांनी त्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे जंगलावर 'राहुई' घातली, म्हणजे आत जायचं नाही अशी आण. २०१८मध्ये ऑकलंडच्या नगरपालिकेने बहुतेक वाटा बंद केल्या. मग लाकडी फळ्या टाकून, बूट धुवायची सोय करून एकेक तुकडा उघडत गेले. राहुईबद्दल वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण हे तर आपल्या देवराईसारखंच. काडी मोडायची नाही, देव कोपेल. आपल्या आज्यांना जे देवाच्या नावाने कळत होतं, ते आपल्याला पीडीएफ वाचूनही कळत नाही.

आता दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर म्हणाल हा सरकारचा वकील झाला. सगळ्या बंद्या सारख्या नसतात. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पर्यटनस्थळांवर मनाई हुकूम निघाले. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा जुना पूल कोसळला, चार जीव गेले, पुन्हा तेच. आधी वर्षभर काही करायचं नाही, अपघात झाला की सगळं सरसकट बंद, आणि महिन्याभराने सगळं विसरून पुन्हा मोकळं. याला मी बंदी म्हणत नाही, याला हात झटकणं म्हणतात. त्याच्यावर चिडा, मीही येतो. वाट बंद करणाऱ्याने तीन गोष्टी द्यायला हव्यात: कारण काय, कधीपर्यंत, आणि उघडी वाट कोणती. हे धक्क्यावर पोचल्यावर तोंडी नाही, घर सोडायच्या आधी कळलं पाहिजे. आणि बंद म्हणजे सगळ्यांना बंद. लाल दिव्याच्या गाडीची सवय मोडली तशी फोनाफोनीचीही मोडली पाहिजे.

आणि खरा राग काढायचाच असेल तर मी जागा दाखवतो. याच कोयनेच्या खोऱ्याच्या आसपास 'नवीन महाबळेश्वर' नावाचं गिरिस्थान उभारायचं घाटतंय. २०२४मध्ये त्याचा आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला, २३५ गावांचा. त्यात रस्ते, रिसॉर्ट, काय नि काय. आमच्या नऊ जणांच्या ग्रुपवर नागेश्वर बंद म्हणून एका दिवसात दीडशे मेसेज पडले. या आराखड्यावर हरकत किती जणांनी नोंदवली? मी विचारलं. शून्य. माझ्यासकट शून्य. चार तासांची धार चालायला मिळाली नाही म्हणून आपण हक्काची भाषा करतो, आणि अख्खं खोरं विकायला निघतं तेव्हा आपल्याला मीटिंग असते.

जंगल पायांना बंद असेल तर ते चाकांना दहापट बंद असलं पाहिजे, हे मागणं आपण केलं तर त्याला वजन येईल. पण ते मागायचा हक्क आधी कमवावा लागतो. फाट्यावरून गुपचूप आत शिरणाऱ्याला तो नाही.

असो. त्या शनिवारी पुढे काय झालं ते सांगून थांबतो. सभा संपली, दोघं रुसून धक्क्यावरच मिसळ खात बसले, सात जण बोटीत चढलो. वर त्याच फाट्याशी आलो तेव्हा आमच्यातला एक नागेश्वरच्या वाटेकडे बघत थांबला. मी काही बोललो नाही. मागून येणारा एक म्हातारा गृहस्थ, बहुतेक कऱ्हाडकडचा, त्याला म्हणाला, "हिकडं, हिकडं. वासोटा हिकडं." तो हसला आणि आला.

बाबूकड्यावर तासभर बसलो. समोर जुना वासोटा, आणि लांब धारेवर नागेश्वरचं ते फण्यासारखं शिखर. मधे सलग काळंहिरवं रान, एकही वाट दिसत नव्हती. सूर्य डोक्यावर यायच्या आत उठलो, कारण पाचच्या आत बोट गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याला न जाता मी घरी गेलो. आवर्तन सुरू होतं. तात्या आता फारसे चालत नाहीत, पण हट्टाने कालव्यापर्यंत आले. म्हणाले, "कुटनं आलं रं एवढं पानी?"

त्यांना ठाऊक आहे, तरी दर वेळी विचारतात. मी म्हटलं, "कालच बघून आलो, तात्या. आहे तिथं ठीक आहे."